सवडीची मालकी

मुंबईच्या जुन्या कापड गिरणीत साचेखात्यातल्या कामगाराला एक काम दिवसभरात कितीतरी वेळा करावे लागे. धोट्यातले सूत संपले की नवी कांडी भरायची, सुताचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रापाशी न्यायचे आणि छिद्राला ओठ लावून सूत ओढून बाहेर काढायचे. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या हाती आणि ओठी जाई. साचेखात्यात रिंगखात्यापेक्षा मजुरी चांगली होती, पण अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. त्यांच्या ओठांचा धोटा आपल्या ओठांना लावायला बाकीचे कामगार तयार नव्हते. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मागण्यांत आला नाही, तर अस्पृश्य कामगारांना संपात राहा असे आपण सांगणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. मागणी यादीत आली, पण नाखुशीने. मालकांपुढे ती गेली तेव्हा त्यांनी उत्तर दिले की हा अन्याय असेलही, पण तो आम्ही केलेला नाही.

या उत्तरात राजकीय तत्त्वज्ञानातला एक मोठा वाद सामावला आहे. गिरणी मालकांची, साचे मालकांचे, भरती त्यांच्याच जॉबरच्या हातून. तरी कोणी कुठल्या खात्यात उभे राहायचे हे ठरवणारी एक सत्ता मालकांच्या वहीत कुठेच लिहिलेली नव्हती, आणि तिचा फायदा मात्र त्यांना आपसूक मिळत होता, कारण कामगार आपापसात विभागलेले राहत होते. वर्गाची सत्ता कशावर उभी असते? जमीन, यंत्र, पैसा यांवर, की रीत, शिक्षण, श्रद्धा यांवर? गेली दीडशे-दोनशे वर्षे विचारवंत या प्रश्नाच्या दोन बाजूंना उभे राहून भांडत आले आहेत. हे सगळे वाङ्मय नजरेखालून घालताना मला वाटत गेले की या दोन बाजूंना जोडणारी एक वस्तू दोघांच्याही हाताशी होती, पण तिला मध्यभागी फार थोड्यांनी आणले. ती वस्तू म्हणजे सवड.

मालमत्तेच्या बाजूने सांगितलेली गोष्ट मार्क्सपेक्षा पुष्कळ जुनी आहे. अॅरिस्टॉटलने 'राज्यशास्त्रा'त म्हटले आहे की अल्पजनसत्ता म्हणजे मुळात श्रीमंतांची सत्ता आणि लोकसत्ता म्हणजे गरिबांची. श्रीमंत थोडे आणि गरीब पुष्कळ असतात हा योगायोग. त्याच ग्रंथात कारागिराला उत्तम राज्यात नागरिकत्व देऊ नये असेही तो सांगतो. कारण असे की सद्गुण जोपासायला सवड लागते आणि हातावर पोट असणाऱ्याला ती नसते. ग्रीक भाषेत सवडीला 'स्खोले' म्हणत. युरोपीय भाषांतला 'स्कूल' हा शब्द तिथूनच आला. 'स्कूल' हा शब्दच मुळी ज्यांना पोटासाठी राबावे लागत नाही त्यांच्या रिकाम्या वेळातून जन्मला, हे मला या साऱ्या चर्चेचे सूत्र वाटते.

इंग्लंडमधल्या यादवीनंतर, १६५६ साली, जेम्स हॅरिंग्टनने 'ओशियाना' या ग्रंथात सरळ हिशेब मांडला. सैन्य पोटावर चालते, पोट जमिनीवर चालते. म्हणून जमिनीचा समतोल जिकडे झुकेल तिकडे सत्ता झुकेल. शंभरेक वर्षांनी रूसोने १७५५ च्या विषमतेवरील निबंधात या हिशेबाला नैतिक धार दिली. कायद्याचे राज्य ही श्रीमंतांनी गरिबांच्या गळी उतरवलेली युक्ती आहे, असे त्याचे म्हणणे. मात्र मला सर्वांत जास्त उपयोगी वाटतो तो अॅडम स्मिथ, ज्याला आज बाजाराचा भाट समजण्याची चूक होते. १७७६ च्या 'राष्ट्रांची संपत्ती'त त्याने मजुरीच्या तंट्याबद्दल एक साधे निरीक्षण नोंदवले आहे. मालक एकही कामगार न ठेवता साठवलेल्या पैशावर वर्ष-दोन वर्षे काढू शकतो. कामगारांपैकी पुष्कळांना कामाशिवाय आठवडाही निघत नाही. दोघांनाही एकमेकांची गरज आहे, फरक आहे तो थांबण्याच्या ताकदीत.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला गिरणी संप ज्यांनी पाहिला त्यांना स्मिथचे हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वर्ष उलटले तरी पुष्कळजण परत गेले नाहीत, कारण त्यांच्यामागे कोकणातले, देशावरचे गाव होते. चार कुडव भात, भावाचे घर, खानावळवालीची उधारी यांवर त्यांनी ती मुदत ओढली. पण मालकांकडे याहून लांब दोरी होती. भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेता येत होते आणि गिरणीखालच्या जमिनीची किंमत बसल्या जागी वाढत होती. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. ज्यांना आधी थांबवेना ते हरले.

थांबण्याच्या ताकदीतल्या या फरकाला मार्क्सने पक्के शास्त्रीय रूप दिले. सरंजामी व्यवस्थेत वेठीसाठी शिपाई पाठवावा लागे. भांडवली व्यवस्थेत आर्थिक नाती मूकपणे तेच काम करून घेतात. कोणी चाबूक उगारत नाही, पण सकाळी भोंगा झाला की माणूस आपण होऊन फाटकाशी येतो, कारण न येण्याची किंमत त्याला माहीत असते. 'भांडवल'च्या पहिल्या खंडात, १८६७ साली, कामाच्या दिवसावरचे जे दीर्घ प्रकरण आहे ते वाचताना जाणवते की मार्क्सच्या लेखी झगडा पैशाइतकाच वेळेसाठी होता. इंग्लंडमधल्या १८४७ च्या दहा तासांच्या कायद्याला तो एवढे महत्त्व देतो ते त्यासाठीच. कामगाराचा दिवस कुठे संपतो आणि त्याचा स्वतःचा वेळ कुठे सुरू होतो, ही त्या प्रकरणातली खरी सीमारेषा आहे.

मार्क्सला संस्कृती दिसली नाही, हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. १८५२ साली लुई बोनापार्टच्या बंडावर लिहिताना त्याच्यापुढे नेमके हेच कोडे होते. फ्रान्समधल्या छोट्या शेतकऱ्यांची आर्थिक स्थिती सारखी होती, शत्रूही सारखे होते, तरी त्यांनी १८४८ च्या डिसेंबरात मत दिले ते नेपोलियनच्या पुतण्याला. एकमेकांशी संबंध नसलेल्या, आपापल्या तुकड्यावर राबणाऱ्या माणसांना काकाच्या नावाची आठवण पुरली. कोडे त्याने नेमके दाखवले; आठवणीला, नावाला, श्रद्धेला एवढी ताकद कुठून येते याचा सिद्धान्त मात्र त्याने मागे ठेवला नाही. पुढे मॅक्स वेबरने वर्गाशेजारी 'प्रतिष्ठा' हे वेगळे खाते उघडले. खाती वेगळी केल्याने वर्णन नीट झाले, पण एका खात्यातली जमा दुसऱ्यात कशी वळते हा प्रश्न तसाच राहिला.

तो हातात घेतला अँटोनिओ ग्रामचीने. सार्डिनिया बेटावर १८९१ साली जन्मलेला हा मुलगा गरीब विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्तीवर १९११ मध्ये तुरीनला शिकायला आला. १९२० च्या सप्टेंबरात कामगारांनी तिथले कारखाने ताब्यात घेतले तेव्हा तो त्यांच्यात होता, आणि ते आंदोलन ओसरलेलेही त्याने पाहिले. नोव्हेंबर १९२६ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने त्याला अटक केली. १९२९ ते १९३५ या काळात तुरुंगात आणि पहाऱ्यातल्या इस्पितळात त्याने वह्या भरल्या, आणि १९३७ साली तो वारला. रशियात जे घडले ते पश्चिम युरोपात का घडले नाही, हा त्याचा प्रश्न. त्याचे उत्तर असे की पश्चिमेत राज्यसंस्था म्हणजे पुढचा खंदक आहे. तिच्यामागे शाळा, चर्च, वर्तमानपत्रे, संघ-संस्था यांचे पक्के गडकोट आहेत. तिथे वर्गाचे नेतृत्व संमतीने चालते आणि त्यालाच तो धुरीणत्व म्हणतो.

मराठीत ग्रामची वाचला गेला तो बहुतेक या संमतीच्या अंगाने, आणि त्यात एक गोष्ट निसटली. संमती फुकट मिळते असे ग्रामची कुठेच म्हणत नाही. नेतृत्व करू पाहणाऱ्या वर्गाला आपल्या तात्कालिक आर्थिक हितांचा काही भाग सोडावा लागतो, हे त्याने बजावून लिहिले आहे. अमेरिकेतल्या फोर्डच्या कारखान्याबद्दलच्या टिपणांत तो जास्त मजुरी, दारूबंदी, कामगाराच्या घरगुती वर्तनावरची नजर हे सगळे एकाच यंत्राचे भाग म्हणून वाचतो. शिक्षणावरची त्याची टिपणेही अशीच जमिनीवरची आहेत. अभ्यास हे कष्टाचे काम आहे, त्यात स्नायूंची आणि मज्जातंतूंची शिस्त लागते, असे तो सांगतो. शिकलेल्या घरातले मूल ती सवय घरातूनच घेऊन शाळेत येते. मजुराच्या मुलाला मात्र एका जागी तासन्तास बसण्यापासून सुरुवात करावी लागते. वह्यांतले हे निरीक्षण पन्नास वर्षांनी समाजशास्त्राचा कणा झाले.

पिएर बोर्द्यू हा फ्रान्सच्या नैऋत्येकडच्या बेआर्न भागातला, टपाल खात्यात नोकरी करणाऱ्याचा मुलगा. पॅरिसच्या नामवंत संस्थांत शिकताना आपली बोली आणि आपले राहणे किती वजनाने मोजले जाते हे त्याने अंगावर घेतले होते. १९७९ च्या 'डिस्टिंक्शन'मध्ये त्याने लोकांना कोणते संगीत, कोणती चित्रे, कोणते जेवण आवडते याची पाहणी मांडली आणि आवडीनिवडींचा नकाशा वर्गांच्या नकाशाशी किती जुळतो ते दाखवले. 'सांस्कृतिक भांडवल' हा त्याचा शब्द आता आपल्याकडे सभांत, अग्रलेखांत सहज येतो. पण त्याचा सर्वांत महत्त्वाचा धागा बहुधा सुटून जातो. पैसा संस्कृतीत कसा वळतो? बोर्द्यूचे उत्तर: वेळेतून. मुलाला कमाईला न जुंपता घर जितकी वर्षे थांबू शकते, आईबापांपैकी कोणी त्याच्याजवळ बसून जितके तास देऊ शकते, तितके भांडवल त्याच्या अंगात मुरते. अंगात मुरलेले असल्यामुळे ते कमावलेले न वाटता उपजत वाटते. 'मुलगा हुशार आहे' असे आपण म्हणतो तेव्हा बरेचदा त्याच्या घराला परवडलेल्या सवडीबद्दल बोलत असतो.

स्मिथच्या मालकाची थांबण्याची ताकद आणि बोर्द्यूच्या घराची थांबण्याची ताकद ही एकच वस्तू आहे. कारखान्यात ती मजुरीचा दर ठरवते, शाळेत गुणवत्ता. आर्थिक पाया आणि सांस्कृतिक पाया हे एकावर एक रचलेले दोन मजले आहेत ही प्रतिमा म्हणूनच मला अपुरी वाटते.

संमतीच्या सिद्धान्ताला विरोध करणाऱ्यांचेही ऐकले पाहिजे, कारण त्यांचा मुद्दा भक्कम आहे. १९८० साली अॅबरक्रॉम्बी, हिल आणि टर्नर या तिघांनी प्रभावी विचारसरणीची कल्पनाच तपासली. त्यांचा निष्कर्ष असा की या विचारसरणीने बांधले जातात ते मुख्यतः वरचे वर्गच. खालच्यांना बांधायला रोजची गरज पुरते. जेम्स स्कॉट मलेशियातल्या केदाह प्रांतात भातशेतीच्या एका गावात राहिला आणि १९८५ च्या पुस्तकात त्याने तिथल्या गरिबांची चुगली, कामचुकारपणा, टोपणनावे, लहानसहान चोऱ्या नोंदवल्या. मालकासमोर मान डोलावणारा मजूर त्याच्यामागे काय बोलतो हे ज्याने ऐकले, तो संमतीवर सहज विश्वास ठेवणार नाही. अगदी अलीकडे, २०२२ मध्ये, विवेक चिब्बर यांनी मांडले की कामगार व्यवस्था स्वीकारतात ती पटली म्हणून नव्हे. एकट्याने लढण्याचा धोका मोठा असतो म्हणून ते मुकाट राहतात. ही संमती नाही, हतबलता आहे. एवढ्यापुरते मला चिब्बर पटतात. पण संस्कृतीचे काम फक्त डोक्यात विचार भरण्याचे आहे असे मानले तरच त्यांचा युक्तिवाद पूर्ण होतो. साचेखात्याच्या दारात कोणाच्या डोक्यात काय आहे याला फारसे महत्त्व नव्हते. तिथे रीत स्वतःच मजुरीचा दर ठरवत होती.

आणि इथेच माझ्या सवडीच्या सूत्रालाही मर्यादा पडते, हे कबूल केले पाहिजे. रिंगखात्यातल्या महार कामगाराकडे साचे चालवायला लागणारे कौशल्य शिकण्याची क्षमता नव्हती असे कोणी म्हणत नव्हते. त्याला अडवले ते ओठांच्या स्पर्शाने. वेळ देऊन, शिकून, पैसा साठवून ही अडचण ओलांडता येत नव्हती. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात, जे लाहोरच्या मंडळाने आधी बोलावून नंतर होऊ दिले नाही, आंबेडकरांनी म्हटले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकाखाली एक अशी उतरंडीची. त्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ च्या जानेवारीत खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला, फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आहेत असे सांगितले, आणि ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला. दोन्ही पायांवर एकाच वर्षात घाव घालण्याचा असा प्रयत्न त्या काळच्या युरोपातही शोधावा लागेल.

त्याच्याही अर्धशतक आधी जोतीराव फुले याच प्रश्नाशी झुंजत होते. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी दिलेले निवेदन मला राज्यशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासक्रमात असावेसे वाटते. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो; तो खर्च होतो वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर; ते शिकून सरकारी खुर्च्यांवर बसतात आणि त्याच रयतेवर हुकूम चालवतात. आर्थिक वसुली आणि सांस्कृतिक अधिकार यांचे चक्र इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा, आणि शिक्षक असे नेमा की ज्यांना वेळ पडली तर नांगर धरायची किंवा वाकस चालवायची लाज वाटणार नाही, असे त्यांनी सुचवले. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये तर जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रत्येक विधीला शेतकऱ्याच्या घरून काय काय जाते याची नोंदच आहे. धर्म त्यांनी खर्चाची बाब म्हणून वाचला, कुलकर्ण्याची वही धर्माची बाब म्हणून.

या परंपरेचे पुढे जे झाले ते मात्र सरळ नाही. दलित पँथर १९७२ मध्ये उभी राहिली, पुढच्या वर्षी तिचा जाहीरनामा आला, आणि १९७४ मध्ये नामदेव ढसाळ आणि राजा ढाले यांच्यात फूट पडली ती याच रेषेवर: जाहीरनाम्यातली वर्गाची भाषा आंबेडकरी की कम्युनिस्ट? शरद पाटलांनी १९७८ साली मार्क्सवादी पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्स, फुले, आंबेडकर यांना एका सूत्रात ओवण्यासाठी उरलेले आयुष्य दिले. गेल ऑम्वेट यांचा ब्राह्मणेतर चळवळीवरचा १९७६ चा ग्रंथ 'वासाहतिक समाजातील सांस्कृतिक बंड' या नावाने त्याच वाटेवर निघाला होता. पश्चिमेत १९९० च्या दशकात नॅन्सी फ्रेझर यांनी फेरवाटप आणि मान्यता या दोन न्यायांची चर्चा सुरू केली तेव्हा ती फार नवी मानली गेली. मराठी वाचकाला ती ओळखीची वाटायला हरकत नव्हती. रणजित गुहा यांनी वसाहती राज्याचे वर्णन धुरीणत्वाविना वर्चस्व असे केले. ते राज्य गेल्यावर इथल्या नव्या सत्ताधाऱ्यांनी धुरीणत्व कसे मिळवले, याचे उत्तर महाराष्ट्रात शोधायचे तर साखर कारखान्याकडे जावे लागते.

प्रवरानगरला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना सुरू झाला, तो शेतकऱ्याच्या मुक्तीचा मार्ग म्हणून, आणि ती भावना खरी होती. सभासदाच्या ऊसबिलातून होणाऱ्या कपातीवर गावोगाव शाळा, दवाखाने, रस्ते उभे राहिले. ग्रामची ज्याला हिताचा भाग सोडणे म्हणतो ते इथे डोळ्यांनी दिसत होते, म्हणून संमतीही खरी होती. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तंत्रमहाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्यानंतर कारखान्यांच्या आसपास अभियांत्रिकी, फार्मसी, वैद्यकीय महाविद्यालये उगवली. ऊस पदवीत वळू लागला. संस्थाचालक हा महाराष्ट्रातल्या सत्तेचा नवा शब्द झाला, आणि त्या एका शब्दात बोर्द्यूची दोन्ही भांडवले एकाच माणसाच्या सहीखाली आली.

या व्यवस्थेच्या तळाशी ऊसतोड मजूर आहे. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या कोरडवाहू मुलखातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरून माणसे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. स्मिथच्या कामगाराला निदान काही दिवस तरी थांबता येत होते. उचल घेतलेल्याने थांबण्याचे दिवस आधीच विकलेले असतात. घरी म्हातारे कोणी नसेल तर मुलेही बरोबर येतात. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, पोरगा वाढे गोळा करतो. गावाकडच्या शाळेच्या हजेरीपटावर त्यांची नावे असतात आणि ती परततात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. त्यांच्यासाठी कारखान्याच्या तळावर साखरशाळा काढण्यात आल्या, कुठे पत्र्याच्या शेडमध्ये, कुठे खोपींच्या शेजारी झाडाखाली. पहाटे तीनला आईबाप फडात गेल्यापासून जागी असलेली ती मुले तिथे येऊन बसतात. त्याच कारखान्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय बरेचदा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर असते.